पिथ्याची कात

माझं माहेर बत्तीस शिराळ्याचं. लहानपणी नागपंचमीला दारोदार जिवंत नाग यायचे (पुढे कोर्टाने ते थांबवलं), आणि मी धान्याच्या कणगीमागे दडून बसायची. शिराळ्याची पोर सापाला भिते हे बाहेर कळू नये म्हणून आई सांगायची, तिला ताप आलाय. दरवर्षी नेमका त्याच दिवशी.

एवढी पळून न्यू जर्सीत आले, तर मुलाने साप पाळला. बॉल पायथन. मूळचा आफ्रिकेतला, चार फूट लांब, शास्त्रीय नावात ‘रेजियस’, म्हणजे राजेशाही. मुलाने नाव ठेवलं पिथागोरस. मुलगा कॉलेजला गेला आणि पिथ्या माझ्याकडे राहिला. “आई, त्याचं काही करावं लागत नाही गं. दोन आठवड्यांनी एक उंदीर, बस.” तो उंदीर आमच्या फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाच्या पाकिटांखाली असतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी बर्फ काढायला उठू देत नाही.

जानेवारीत पिथ्याचे डोळे दुधाळ निळे झाले, अंगाची चमक गेली. कात टाकायच्या आधी असं होतं, हे एव्हाना मला पाठ होतं. चार-पाच दिवसांनी डोळे निवळतात, मग तो नाक दगडावर घासतो आणि पायमोजा उलटा काढावा तशी अखंड कात काढून मोकळा होतो. यंदा मात्र पावसाळ्यात भिंतीच्या डिस्टेंपरचे पोपडे सुटावेत तशी ती तुकड्या-तुकड्याने सुटली. पाठीवर ठिगळं, शेपटीच्या टोकाला घट्ट कडं, आणि उजव्या डोळ्यावर जुनाच पडदा.

“आई, काचेच्या पेटीतली आर्द्रता किती आहे?” मुलाचा फोनवर पहिला प्रश्न. आईची तब्येत कशी आहे, हा नव्हे. यंत्र बघितलं तर बावीस टक्के. पाहिजे साठच्या वर. बाहेर बर्फ, आत रात्रंदिवस हीटिंग, हवेचा नुसता पापड झालेला. माझ्याही टाचांना भेगा पडल्या होत्या, पण त्या कुणी फोनवर विचारत नाही.

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, “खोबरेल लाव की जरा.” तेल लावायचं नसतं. कोमट पाण्यात, अंग जेमतेम बुडेल एवढ्याच, वीस मिनिटं बसवायचं आणि मग ओल्या टॉवेलमधून सरपटू द्यायचं. आमच्या बाथटबमध्ये दिवाळीला कधी कुणाला इतक्या निगुतीने अभ्यंगस्नान घातलं नसेल. अहो टॉवेल धरून उभे, डोळे गच्च मिटलेले. पिथ्या टॉवेलातून शिरून त्यांच्या बाहीतून बाहेर आला. पाठ स्वच्छ झाली. अहो मात्र तिथेच बसले.

शेपटीचं कडं राहू दिलं तर रक्त पोचत नाही आणि टोक वाळून गळतं, म्हणून ते मी ओल्या कापडाने अर्धा तास चोळून सोडवलं. डोळ्याला हात लावायची सोय नव्हती. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघावा लागतो. चिमट्याने ओढलं तर खालचा डोळाच जायचा. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, गोचिड्या नाहीत, पोटाचे खवले सडलेले नाहीत असं सांगितलं आणि सल्ला दिला: ओलावा वाढवा आणि पुढच्या कातीची वाट बघा. वाट बघा, हे सांगायचे एकशे दहा डॉलर.

वाट बघितली. आमच्या खोलीतला ह्युमिडिफायर पिथ्याकडे गेला. त्याला ओल्या शेवाळाचा डबाही मिळाला (श्रीखंडाचाच, झाकणाला भोक पाडून). अहो रात्रभर कोरडं खोकायचे. मार्चमध्ये एका सकाळी डब्याबाहेर कात पडली होती. अखंड. उजेडात धरून पाहिली, तर डोक्याच्या जागी दोन छोट्या काचा, आणि उजवीकडे एकावर एक दोन, जुनी आणि नवी. शिवणकामाच्या टेपने मोजली. पिथ्यापेक्षा हातभर लांब भरली. ती ताणली जाते म्हणून, तो काही वाढला नव्हता.

आई म्हणाली, “फेकू नकोस गं. तिजोरीत ठेव, लक्ष्मी टिकते.”

तिजोरी आमच्याकडे नाही. डॉक्टरीणबाईंच्या बिलांची फाइल आहे, तिच्यात ठेवली.