उसरा, दर्स आणि हक्कसोड

दर गुरुवारी रात्री सव्वाआठला अम्माचा फोन येतो. तिकडे दाभोळच्या खाडीकाठी तेव्हा पावणेसहा झालेले असतात आणि मोहल्ल्यातल्या बायकांचा दर्स, म्हणजे धर्माचा पाठ, नुकताच सुटलेला असतो. इकडे बांगीत मी उसराला निघायच्या गडबडीत. एका हाताने डब्यात शेवया भरायच्या, दुसऱ्या हाताने ओढणीला पिन लावायची आणि फोन स्पीकरवर टाकून दर्स घेणाऱ्या आलिमाबाईंनी आज काय सांगितलं ते ऐकायचं, असा आमचा शिरस्ता.

बांगी हे मलेशियात क्वालालंपूरच्या दक्षिणेचं, सेलांगोर राज्यातलं विद्यापीठाचं गाव. नवऱ्याच्या नोकरीपायी चौदा वर्षांपूर्वी इथे आले. 'उसरा' हा अरबी शब्द, अर्थ कुटुंब. हसन अल-बन्ना यांनी १९२८ साली इजिप्तमध्ये सुरू केलेल्या इख्वान (मुस्लिम ब्रदरहुड) संघटनेत लहान अभ्यासगटांना हे नाव पडलं आणि तिथून ते मलेशियाच्या विद्यार्थी चळवळींत आलं. आता ते इतकं रुळलंय की ऑफिसातल्या बायकाही दुपारच्या सुट्टीत उसरा करतात. आमच्या गटात आठ जणी. पुढारपण करणारीला नकीबा म्हणतात. आमची नकीबा निवृत्त शाळामास्तरीण आहे. आधी आळीपाळीने कुराणातल्या पाच-सहा आयती वाचायच्या, मग त्यांचा मलय अर्थ, मग इमाम नववींनी निवडलेल्या चाळीस हदीसींतली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतली, एखादी (चाळीस म्हणतात, मोजल्या तर बेचाळीस भरतात), मग प्रत्येकीने आपला आठवडा सांगायचा आणि शेवटी जेवण. खरं सांगायचं तर निम्म्या जणी जेवणासाठी येतात, आणि नकीबालाही ते ठाऊक आहे.

इथे आले तेव्हा सगळं परकं वाटेल असं धरून चालले होते. पहिल्याच पहाटे सुरावमधल्या, म्हणजे गल्लीतल्या छोट्या मशिदीतल्या, इमामाने फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, दुसऱ्या रकातीत कुनूत ही प्रार्थना म्हटली आणि मी दचकले. गावी मशिदीला लागूनच आमचं घर. हाच सूर ऐकत मी लहानाची मोठी झाले. मुंबईत आमच्या हनफी शेजारणींना ही फजरची कुनूत चमत्कारिक वाटायची. पण हनफी आणि शाफई हे धर्मशास्त्राचे दोन वेगळे पंथ; आम्ही कोकणी मुसलमान शाफई आणि मलयही शाफई. नवऱ्याचा हात चुकून लागला की वजू (नमाजाआधी हातपाय धुऊन केलेली शुद्धी) गेला म्हणून पुन्हा नळाकडे धावणाऱ्या बायका दोन्हीकडे आहेत. त्यामुळे बाकी काही नाही तरी इथे मला मसले, म्हणजे धर्माचे नियम, समजावून सांगावे लागत नाहीत. शिकायची होती ती भाषा. 'काक' म्हणजे ताई हे अंगवळणी पडायला वेळ लागला. आपल्याला काक म्हटलं की पिंडाचा कावळा आठवतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याच्या कंपनीत कुणीतरी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, तुमच्या बायका गुरुवारी बंद खोलीत जमून नेमकं काय करतात? हा प्रश्न किती 'सहज' असतो ते आम्हाला ठाऊक आहे. पारायण, सत्संग, दासबोधाची बैठक यांच्याबद्दल तो कुणी अशा सुरात विचारत नाही. भाचा मात्र चिडला नव्हता, वैतागला होता. म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे हे सगळं सरकारी परवान्यानं चालतं ना? आपल्याकडेही एकदाचा परवाना करून टाकायला पाहिजे. कागद दाखवला की तोंडं बंद."

परवाना आहे, हे खरं. त्याला इथे 'तौलिया' म्हणतात. हे ऐकून भाचा आधी पोटभर हसला, मग मी त्याला कायदा सांगितला. मलेशियात धर्म हा राज्यांचा विषय आहे. सेलांगोरच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे धार्मिक खात्याचा तौलिया नसताना इस्लामची शिकवणी घेतली, तर ३,००० रिंगिटपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सूट फक्त स्वतःच्या घरात स्वतःच्या कुटुंबाला शिकवणाऱ्याला. २००९ च्या नोव्हेंबरात याच कलमाखाली डॉ. असरी झैनुल आबिदीन यांना सेलांगोरात ताब्यात घेतलं गेलं. हे गृहस्थ आदल्या वर्षापर्यंत पर्लिस राज्याचे मुफ्ती, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, होते. एका राज्याचा माजी मुफ्ती दुसऱ्या राज्यात विनापरवाना वक्ता ठरला. पुढे २०१५ साली ते पुन्हा पर्लिसचे मुफ्ती झालेही. २०१७ मध्ये तुर्की लेखक मुस्तफा अक्योल यांना क्वालालंपूरच्या विमानतळावर अडवून रात्रभर ठेवून घेतलं, कारण तेच, भाषणाला तौलिया नव्हता. त्यांचा विषय होता धर्मात जबरदस्ती नसावी हा.

बरं, इतकी राखण ठेवून चोर सापडतो का? १९६८ साली क्वालालंपूरमध्ये एक छोटा अभ्यासगट सुरू झाला. मक्केत सुरुवातीच्या काळात पैगंबरांचे सोबती ज्या घरी गुपचूप जमत, त्या अर्कमच्या घरावरून त्याने नाव घेतलं दारुल अर्कम. गटाच्या वसाहती झाल्या, कारखाने झाले, दुकानं झाली, आणि गुरूचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य अशी स्थिती आली. १९९४ साली सरकारने बंदी घातली. गट गेला, माणसं राहिली. त्याच वारशातल्या उद्योगसमूहाशी जोडलेल्या आश्रमांवर २०२४ च्या सप्टेंबरात छापे पडले, तेव्हा एका दिवसात ४०२ मुलं बाहेर काढावी लागली. तौलियाचा कायदा तेव्हाही होताच. तो मुफ्तीला अडवू शकला, त्या मुलांपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला.

अशाच वर्तुळांतून इथे आणखी दोन गोष्टी निघाल्या आणि त्या मला जास्त विचारात पाडतात. १९७१ साली विद्यार्थ्यांच्या उसरांमधून आबिम ही संघटना उभी राहिली. तिचे एक संस्थापक अन्वर इब्राहिम आज देशाचे पंतप्रधान आहेत. आणि १९८७ च्या सुमाराला काही वकील, पत्रकार, प्राध्यापक बायका एकत्र बसून कुराण वाचू लागल्या. कारण अगदी व्यवहारातलं होतं. नवा कौटुंबिक कायदा आला होता, शरिया कोर्टात बायकांची दाद लागत नव्हती, आणि तक्रार केली की "अल्लाने असंच सांगितलंय" हे उत्तर मिळे. यांनी म्हटलं, बघू तरी कुठे सांगितलंय. आमिना वदूद नावाची अमेरिकन अभ्यासक १९८९ मध्ये इथे शिकवायला आली, तीही त्यांच्यात बसली. त्या बैठकीतून 'सिस्टर्स इन इस्लाम' जन्मली. नवऱ्याला बायकोवर हात उगारायचा हक्क आहे का, या एका प्रश्नावर त्यांनी १९९१ मध्ये पुस्तिका काढली. १९९४ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मुसलमान बायकांनाही लागू व्हावा म्हणून त्या भांडल्या, आणि झाला. २०१४ साली सेलांगोरच्या फतव्याने त्यांना वाट चुकलेल्या ठरवलं. अकरा वर्षं खटला चालला. २०२५ च्या जूनमध्ये संघीय न्यायालयाने बहुमताने सांगितलं की फतवा माणसांना लागू होतो, कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थेला नाही. आमच्या उसरात त्यांचं नाव काढलं की दोघी-तिघींचे चेहरे आंबट होतात. नकीबा फक्त म्हणते, "वाचलंय का त्यांचं? आधी वाचा."

कोकणात या विषयावर बोलायला लागलं की हमीद दलवाईंपाशी यावंच लागतं. वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी कायदा बदला, ग्रंथाच्या अर्थात अडकू नका. त्यांना मानणारी माझी एक पुण्याची मैत्रीण आहे. ती म्हणते, तुमचे हे दर्स आणि उसरा म्हणजे बायकांना पुन्हा ग्रंथाच्या खुंटीला बांधणं. तुझी दादी साडीचा पदर डोक्यावर घेऊन बाजारात मासळीचा भाव करायची, तुझी वहिनी आज नकाबाशिवाय उंबरा ओलांडत नाही. हे कुठून आलं? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. आमच्या वहिनीचा नकाब खरोखरच गुरुवारच्या दर्समधून आला. पण मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी, २०१७ साली, एका दमातला तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला, तेव्हा लढणाऱ्यांत भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या मुंबईच्या बायकाही होत्या, आणि त्या कुराण हातात धरूनच भांडत होत्या. दलवाईंचा रस्ता चुकीचा होता असं मी म्हणत नाही. अम्मा त्या रस्त्याने कधी गेली नसती, एवढंच म्हणते. दर्सला ती जाते.

आणि तिथेच माझी दर्सबद्दलची तक्रार आहे. वयाच्या नवव्या वर्षी माझं कुराण खतम झालं, मोहल्ल्यात खोबऱ्याच्या वड्या वाटल्या, आणि त्यातल्या एका ओळीचाही अर्थ मला येत नव्हता. अम्मा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. घरात कोकणी बोलते, बाजारात मराठी. दर्स होतो तो पल्लेदार उर्दूत. 'तज़किया-ए-नफ़्स' या शब्दावर तीस बायका माना हलवतात आणि घरी येऊन अम्मा मला विचारते, "म्हणजे काय गो?" मी सांगते, मन घासूनपुसून लख्ख करणं, कल्हई लावल्यासारखं. "मग असं सांगायला काय झालं होतं तिला?" आता भांड्यांना कल्हई कोण लावतं, पण अम्माला नेमकं कळलं. मराठीत कुराणाचा अनुवाद आहे, हदीसींची पुस्तकं आहेत. तरी आमच्या तालुक्यात मराठीतून दर्स घेतला तर काहींना त्यात बरकत वाटत नाही. मलयही माझी भाषा नव्हे, पण नकीबा दर आयतीनंतर थांबते आणि म्हणते, "सोआलान?" प्रश्न? या एका शब्दासाठी मी गुरुवारची रात्र घराबाहेर काढते.

आमचीही उसरा म्हणजे स्वर्ग नव्हे. दर महिन्याला एक तक्ता भरायचा असतो, 'मुताबआ'. किती पानं कुराण वाचलं, किती रात्री तहज्जुदला, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजाला, उठलात, किती रोजे, किती सदका (दान). आत्म्याची हजेरीवही म्हणा. एका महिन्यात मी पाच तहज्जुद लिहिल्या, उठले होते दोनदा. देवाशी खोटं बोलायची हिंमत होत नाही, तक्त्याशी मी बिनदिक्कत बोलले. पुढल्या बैठकीत मी ते कबूल केलं, तर आणखी तिघींनी माना खाली घातल्या. नकीबाने तक्ता बंद केला नाही, फक्त म्हणाली, तुमच्यापाशीच ठेवा, मला देऊ नका.

भाच्याला मी हेच सांगितलं. परवान्याने कुणाचं तोंड बंद व्हायचं असेल तर ते विचारणाऱ्याचं होतं, आणि तो विचारणारा तुझ्या कंपनीतला नव्हे, आतला. बसऱ्यात हसन अल-बसरी यांच्या मजलिशीतून वासिल बिन अता मतभेदावरून उठला आणि त्याच मशिदीत दुसऱ्या खांबापाशी आपला वर्ग मांडून बसला, असं सांगतात. उठून दुसऱ्या खांबाशी जाता येतं का, मी तर एवढंच बघते. दारुल अर्कममध्ये जाता येत नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात येतं का? भाचा म्हणाला, मोहल्ल्यात खांबच एक आहे, मावशी.

मागच्या महिन्यात उसरात आम्ही सूरा निसाच्या वारसाहक्काच्या आयतींपाशी आलो. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आमची नकीबा मूळची नेगरी सेंबिलनची. तिथल्या अदत पेरपातिह रिवाजात वडिलोपार्जित जमीन मुलींकडे जाते, त्यामुळे तिच्या नावावर भातशेत आहे आणि भावाच्या नाही. यावर अर्धा तास घमासान झालं. शेवटी सगळ्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मी म्हटलं, आमच्याकडे हक्कसोड करतात. मलय भाषेत ते समजावताना माझी दमछाक झाली. बाप गेला की भाऊ तहसीलच्या गावी घेऊन जातात, बहीण कागदावर सही करते, तिला एक चांगली साडी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. हिंदू शेजारणींचंही तेच, आमचंही तेच. १९३७ च्या शरियत कायद्याच्या मजकुरातच शेतजमीन वगळलेली होती, त्यामुळे रिवाजाचं फावलं ते फावलंच. एक तरुण मुलगी म्हणाली, "म्हणजे अर्धा वाटा कमी म्हणून तुम्ही भांडत होता, आणि तुम्हाला तोही नाही?"

अम्माने नानांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पश्चात दोन्ही मामूंना हक्कसोड करून दिली होती. खाडीवरची आंब्याची बाग आणि काजूचा उतार. तिची साडी मोरपंखी होती. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, आयतीचा मराठी अर्थही वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही. "रस्सा उतू जातोय" म्हणून फोन ठेवला.

या गुरुवारी सव्वाआठ झाले, साडेआठ झाले, फोन नाही. शेवयांचा डबा बंद करून मी दारात उभी. नऊला दहा कमी असताना वाजला.

"विचारलं मी," अम्मा म्हणाली.

"काय विचारलंस?"

"हेच. बहिणीकडून सही घेणं जायज आहे का म्हणून. मराठीतच विचारलं."

"मग? आलिमा काय म्हणाली?"

"मौलानांना विचारून पुढल्या जुमेरातीला सांगते म्हणाली." जरा थांबून ती म्हणाली, "तुझी मोठी मामी पण होती बसलेली. चहा न घेताच गेली."