पीएच.डी. करा, पण ग्रंथपालांना त्रास नको

पीएच.डी.ला नाव लागलं, अभिनंदन. आता एक पथ्य पाळा: विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा संशोधनाशी संबंध येऊ देऊ नका.

वाचनकक्षात खुशाल बसा. पंखा आहे, वायफाय आहे, आणि भल्या सकाळी जागा धरून बसलेल्या एमपीएससीच्या पोरांमुळे आपणही अभ्यास करतोय असं वाटतं. फक्त संदर्भ विभागाकडे फिरकू नका. तिथले ग्रंथपाल विचारणार, ‘विषय काय?’ तुम्ही ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणालात की संपलं. कुठला जिल्हा, कुठली वर्षं, सावकारी की बँकेचं कर्ज, असं विचारत ते शोधशब्द बदलत जातील आणि तासाभरात वाचण्याजोगे पंचवीस लेख तुमच्या पुढ्यात ठेवतील. मग ते वाचावे लागतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे, ‘वाचकाचा वेळ वाचवा’. तुम्ही ग्रंथपालांचाही वाचवा.

नियतकालिकांचं म्हणाल, तर केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांकरता 6,000 कोटी रुपये मंजूर केलेत. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं 1 जानेवारी 2025 पासून सरकारी विद्यापीठांना खुली आहेत. घरून वाचायचं लॉगिनही ग्रंथालयात विचारलं तर मिळतं. म्हणून विचारायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता ‘कोणाकडे या पेपरची पीडीएफ आहे का? अर्जंट’ असं टाकायचं. सोबत हात जोडलेले. संशोधकाच्या अंगी नम्रता हवी.

‘शोधगंगा’ मात्र सोडू नका. आधी काय काम झालंय ते कळावं, तोच विषय पुन्हापुन्हा घोटला जाऊ नये म्हणून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राने देशभरचे प्रबंध तिथे खुले ठेवलेत. तुम्ही त्यातल्या एखाद्या प्रबंधाचं प्रकरण दोन, ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’, उघडा आणि संदर्भसूचीसकट उचला. त्यात एखादं प्रकाशनवर्ष चुकलं असेल तर तेही तसंच राहू द्या. आधीच्यानेही ते कुणाकडून तरी विश्वासानेच घेतलेलं असतं.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी मात्र ग्रंथालयाची पायरी चढावीच लागते, साम्य तपासणीसाठी, म्हणजे किती टक्के मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो ते बघायला. यूजीसीच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत माफी आहे. त्यापुढे 40 पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, 60 पर्यंत वर्षभर प्रबंध देता येत नाही, त्याहून जास्त झालं तर नोंदणीच रद्द. तुमचं 47 येईल. ग्रंथपाल शांतपणे सांगतील की अवतरणचिन्हं घालून स्रोत दिला असता तर तो मजकूर मोजलाच गेला नसता. आता या तपशिलात कशाला शिरायचं? खुर्ची पुढे ओढा, आवाज खाली आणा आणि म्हणा, ‘सर, तेवढं दहाच्या आत बसवा ना.’ गाइडचं नाव घ्यायचं असेल तर याच वेळी घ्या.

मग राहिला ना-देय दाखला. इतरांना जुनी पुस्तकं शोधत घर पालथं घालावं लागतं, तुमच्या नावावर एकही नाही. अडचण एवढीच की दाखला सभासदालाच मिळतो. तेव्हा दोन फोटो घेऊन जा, सकाळी कार्ड काढा, दुपारी जमा करा.