ओळ घातली, बेरीज तिथेच राहिली

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्प्रेडशीट हाताळणाऱ्या साधनांची माहिती एआय एजंटसाठी (म्हणजे अशी साधनं वापरून स्वतः काम करणाऱ्या एआयसाठी) वेगळी लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं. माणसाला कळेल असं लिहिलं की एजंटलाही कळतं, एजंटमागची एआय मॉडेल्स दिवसेंदिवस सुधारत आहेत, आणि मी नमुना म्हणून दिलेलं वर्णन पानभर लांब होतं.

लांबीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो पूर्ण मान्य आहे. साधनांची वर्णनं कामाच्या सुरुवातीलाच मॉडेलसमोर ठेवली जातात. वीस साधनांची वीस पानं झाली, तर खऱ्या कामाला जागा उरत नाही. माझ्या नमुन्यातली निम्मी वाक्यं साधनाची ओळख करून देणारी होती. ती काढून टाकली.

पण ‘माणसासाठी लिहिलेलं पुरतं’ हे मला पटत नाही. माणूस एक्सेलमध्ये काम करतो तेव्हा निम्मी माहिती त्याला पडद्यावरच मिळते. आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसला, की तो मजकूर म्हणून बसलाय हे सवयीच्या डोळ्याला लगेच कळतं. एजंटला बहुतेक वेळा शीट दिसतच नाही. साधन जो मजकूर परत पाठवतं, तेवढाच त्याच्या हाती असतो. ‘झालं’ असं उत्तर आलं, की त्याच्या लेखी ते झालं.

माझ्याच साधनाचं उदाहरण देतो. ते पायथनच्या ओपनपायएक्सएल या लायब्ररीवर (एक्सेल फायली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या तयार कोडवर) बांधलेलं आहे, आणि त्याचं वर्णन मी एका वाक्यात लिहिलं होतं : ‘दिलेल्या जागी नवी ओळ घालते.’ शीटमध्ये २ ते २० या ओळींत रकमा होत्या आणि २१व्या ओळीत त्यांची बेरीज. एजंटने मध्ये एक ओळ घातली, रक्कम भरली, काम संपल्याचं सांगितलं. एक्सेलमध्ये अशी ओळ घातली, तर बेरजेचा पल्ला आपोआप २१पर्यंत वाढतो. ही लायब्ररी मात्र सेल खाली सरकवते आणि फॉर्म्युल्यांना हात लावत नाही. बेरीज २२व्या ओळीत गेली, पण मोजत राहिली २ ते २०च. शेवटची रक्कम गळाली आणि एररही आली नाही. फॉर्म्युले बदलत नाहीत हे लायब्ररीच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे, पण एजंटसमोर ती माहिती नव्हती. माझं एक वाक्य होतं.

म्हणूनच ‘मॉडेल्स सुधारतील’ या भरवशावर मी थांबत नाही. हुशार मॉडेलला एक्सेल अधिक चांगलं माहीत असतं, त्यामुळे ते एक्सेलसारख्याच वागण्याची अपेक्षा धरतं. साधन जिथे एक्सेलपेक्षा वेगळं वागतं, नेमकी ती जागा सांगावी लागते.

दुसरी अशी जागा मला जास्त छळते. ही लायब्ररी फॉर्म्युला लिहिते, पण त्याचं गणित करत नाही. एजंट फॉर्म्युला लिहितो, फाईल सेव्ह करतो, मग खात्री करायला त्या सेलचं मूल्य वाचतो आणि त्याला रिकामं उत्तर मिळतं. फाईल एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडून पुन्हा मोजून सेव्ह होईपर्यंत तिथे मूल्य नसतंच. एजंटला वाटतं फॉर्म्युला चुकला, आणि तो स्वतः बेरीज करून तिथे नुसता आकडा टाकतो. त्या दिवशी आकडा बरोबर असतो. पुढच्या महिन्यात रकमा बदलतात, आकडा बदलत नाही. हे टाळायला दोन वाक्यं पुरतात : ‘फॉर्म्युला लिहिल्यावर मूल्य रिकामं येणं अपेक्षित आहे. त्याजागी आकडा लिहू नका.’

गूगल शीट्सच्या एपीआयमध्येही (प्रोग्रॅमने शीट हाताळण्याच्या सोयीतही) हेच दिसतं. तिथे मूल्य ‘रॉ’ म्हणून पाठवलं, तर फॉर्म्युला नुसता मजकूर म्हणून बसतो. ‘यूझर एंटर्ड’ म्हणून पाठवलं, तर ००७ या कोडचा ७ होतो. शिवाय ओळींचा पत्ता देण्याच्या एका पद्धतीत ओळी १पासून मोजतात आणि शेवटची ओळ धरतात, दुसरीत ०पासून मोजतात आणि शेवटची वगळतात. यांतलं आपलं साधन काय करतं, हे त्या पॅरामीटरच्या (साधनाला द्यायच्या त्या माहितीच्या) शेजारीच लिहिलेलं हवं. वेगळ्या मार्गदर्शिकेत लिहिलं, तर ऐन वेळी ते एजंटपुढे नसतं.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र माझ्या कामी आलं : ‘वर्णन लिहीत बसण्यापेक्षा साधन नीट करा.’ जिथे शक्य आहे तिथे तसंच करायला हवं. ओळ घालणारं साधन मी आता बदललंय. ते नुसतं ‘झालं’ म्हणत नाही, घातलेल्या ओळीमुळे ज्यांचा पल्ला चुकू शकतो अशा फॉर्म्युल्यांची यादी सेलच्या पत्त्यासह परत देतं. त्यामुळे वर्णनातली चार वाक्यं कमी झाली. रिकाम्या मूल्याचं तसं करता आलेलं नाही, म्हणून ती दोन वाक्यं ठेवली आहेत.