हप्ता सगळेच विचारतात, मुदत कोणी नाही

परवा नागपुरात, मानेवाड्यात एका लग्नात हातात प्लेट घेऊन उभी होते, तर जाऊबाईंची बहीण कानाशी येऊन म्हणाली, "किती गेले वो ताई?" मला वाटलं किलो विचारतेय. म्हटलं, अकरा. तर म्हणते, "नाही नाही, पैसे!"

मार्चपासून हा प्रश्न निदान पंधरा जणांनी विचारलाय. मेसेंजरवर येतो, व्हॉट्सॲपवर येतो, एकदा तर फुटाळा तलावावर फिरताना मागून आला. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हो, मी वजनाचं इंजेक्शन घेते. लपवण्यासारखं काही नाही. साखरेची गोळी चार लोकांत घेताना आपण लाजत नाही, तर याला काहून लाजायचं?

मी एकोणीस वर्षांपासून एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. समोरच्या खुर्चीवर माणूस बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्याडम, हप्ता किती बसते?" किती वर्षं भरायचा, एकूण किती जाणार, मधेच थांबलं तर काय होणार, हे शंभरात पाच जण विचारत असतील. मी त्यांना मनातल्या मनात हसायची. स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही फक्त हप्ताच विचारला.

२०२५ च्या सप्टेंबरात वजन ९४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माउंजारो लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, पोटावर, आपलं आपणच टोचायचं. मी विचारलं, महिन्याला किती? ते म्हणाले, "तेरा हजारांपासून सुरू होते." त्यातलं 'पासून' मी ऐकलंच नाही.

हे औषध सगळ्यात लहान डोसवर, म्हणजे २.५ मिलिग्रॅमवर, सुरू करतात, कारण एकदम जास्त दिलं तर पोट बंड करतं. चार आठवड्यांनी ५. मग गरज पडली तर ७.५, १०, अशा पायऱ्या थेट १५ पर्यंत. आणि डोस चढला की पैसेही चढतात. सप्टेंबरात जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यानंतरची पेनची एमआरपी अशी होती: २.५ चा पेन १३,१२५ रुपये, ५ चा १६,४०६, ७.५ आणि १० चा २०,६२५, आणि त्यावरचे २५,७८१. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले तेरा हजार हा पहिल्याच पेनचा भाव. तो परत कधी भरावा लागत नाही, कारण त्या डोसवर कोणी राहतच नाही. तो डोस वजन उतरवायला नसतोच, शरीराला सवय लागावी म्हणून असतो.

दुसरी मेख कॅलेंडरची. पेनमध्ये चार डोस, म्हणजे कंपनीचा महिना २८ दिवसांचा. पगार वर्षात बारा वेळा होतो, पेन तेरा लागतात. हे मला जानेवारीत कळलं, पगाराआधी पेन संपला तेव्हा. कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला हे कळू नये? नाही कळलं, काय सांगू.

आता माझा हिशोब. २६ आठवडे झाले. २.५ चा एक पेन, ५ चे तीन, ७.५ चे तीन. एकूण १,२४,२१८ रुपये, तेही फक्त औषधाचे. डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, आणि दोन वेळा शिलाई मारूनही ढगळ होणारे ब्लाउज वेगळे.

५ चे तीन पेन काहून, दोनच पुरायला पाहिजे होते ना, असं हिशोबी माणसाने विचारलं तर उत्तर आमच्या फ्रीजमध्ये आहे. हा पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचा असतो आणि गोठला तर फेकायचा असतो. मी स्टीलच्या डब्यात, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीशेजारी ठेवायची. डिसेंबरात नागपूरची थंडी पडली, आमच्या जुन्या एका दाराच्या फ्रीजचा खटका मात्र उन्हाळ्याच्या आकड्यावरच राहिला होता. त्यात सासूबाईंनी मटाराची पिशवी ठेवायला म्हणून डबा वर, बर्फाच्या कप्प्याखाली सरकवला. सकाळी पेन हातात घेतला तर आत बारीक बर्फाच्या सुया. दोन डोस शिल्लक होते. ८,२०३ रुपये. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणजे चूक कोणाची ते तुम्ही ओळखलंच असेल. माझीच. खटका मी बघायला हवा होता.

आणि आता उलटा ताप. हा पेन फ्रीजबाहेर ३० डिग्रीच्या आत असेल तरच चालतो. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी कूलरसमोरसुद्धा ३० मिळत नाही. लाईट गेली की मी आधी पेनचा डबा बर्फाच्या पाण्याच्या पिशवीजवळ नेते (खेटून नाही, डिसेंबरचा धडा लक्षात आहे), मग माणसांकडे बघते.

लोक म्हणतात, अकरा किलोला सव्वा लाख, म्हणजे किलोला अकरा हजार! मीही हा भागाकार केला होता. पण तो फसवा आहे. सुरुवातीचे किलो भराभर जातात, पुढचे रडत-रडत, आणि एक दिवस काटा थांबतो. त्या दिवसापासून तुम्ही किलो उतरायचे नाही, उतरलेले किलो परत न येण्याचे पैसे देता. घरभाड्यासारखं आहे हे. घर तुमच्या नावावर होत नाही, पण भाडं थांबलं की सामान रस्त्यावर.

हे मी मनचं सांगत नाही. याच औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ३६ आठवडे सगळ्यांना औषध दिलं, मग निम्म्यांचं गुपचूप बंद करून नुसतं पाणी टोचलं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन सरासरी १४ टक्के परत वाढलं. ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी थोडं उतरलं. दुसरं औषध सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी, त्याच्या चाचणीतही बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. मी डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, "बीपीची गोळी किती वर्षं घेता?" हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी घेतलं असतंच. पण घरच्यांसोबत बसून, कागदावर तेरा पेनचा हिशोब मांडून घेतलं असतं. पहिल्या वर्षाला सव्वादोन ते अडीच लाख, आणि पुढेही. त्या आकड्यावर हो की नाही म्हणायचं, तेरा हजारांवर नाही.

मेडिक्लेमचं विचारूच नका. गोळ्या-इंजेक्शन घरी घेतली तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनचे पैसे मात्र मिळू शकतात. नियमात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० पाहिजे, किंवा ३५ आणि सोबत साखर आटोक्यात नसण्यासारखा गंभीर आजार. माझा सप्टेंबरात ३७ च्या वर होता. म्हणजे तेव्हा मी ऑपरेशनच्या यादीत बसत होते. आता स्वतःच्या पैशाने ३३ वर आणला, तर यादीतून बाहेर. हसावं की रडावं!

"पण आता स्वस्त झालं ना?" हा पुढचा प्रश्न. झालं, पण माझं नाही. २० मार्च २०२६ ला भारतात पेटंट संपलं ते सेमाग्लुटाइडचं, आणि आपल्या कंपन्यांनी तेच औषध कमी किमतीत आणलं. माझं टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, वेगळं, त्याचं पेटंट अजून जिवंत आहे. मेडिकलवाल्या पोराने "सेमच आहे ताई" म्हटलं म्हणून बदलायचं नसतं. गंमत बघा, वेगोवी जून २०२५ मध्ये आलं तेव्हा सगळ्यात लहान डोस महिन्याला १७,३४५ ला होता. नोव्हेंबरात तोच १०,८५० वर. पेटंट संपायला चार महिने बाकी होते तेव्हाच! म्हणजे कंपनीला आधीही परवडत होतं, बाप्पा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अंदाज काढला होता की सेमाग्लुटाइड महिन्याला पाच डॉलरच्या आत बनू शकतं, नफा धरून. संशोधनाला पैसा लागतो हे मान्य, पण एवढी तफावत बघून माझ्यातली कर्जवाली बाई गप्प बसत नाही.

आणि कृपा करून इन्स्टावरून, पार्लरमधून, चिठ्ठीशिवाय मागवू नका. बनावट पेनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्येच इशारा दिलाय. स्वादुपिंड, पित्ताशय, घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर, हे सगळं विचारून मगच डॉक्टर लिहितात. माझे पहिले दोन महिने मळमळीत गेले. तर्री पोह्याच्या वासाने मला कसंतरी होईल असं कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

जमेची बाजूही लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. एचबीएवनसी ६.४ आहे. साखरेची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली. दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मधे न थांबता चढते. बाहेरचं खाणं जवळपास बंद, त्याचे महिन्याला अडीच-तीन हजार वाचतात. त्यातले अर्धे अंडी आणि पनीरमध्ये जातात, कारण प्रोटीन कमी पडलं तर चरबीसोबत स्नायूही जातात.

मंगळवारी अपॉइंटमेंट आहे. सेमाग्लुटाइडवर आणलं तर चालेल का, साखर टिकेल का, हे विचारणार आहे. या वेळी कागद लिहूनच नेतेय, हप्त्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी. तोवर आठवा पेन आणायचाय, बर्फाची पिशवी घेऊन, सकाळी अकराच्या आत. त्यानंतर रामदासपेठेतून मानेवाड्यापर्यंत स्कूटीच्या डिक्कीत वीस हजार रुपये उकळत आणायची माझी हिंमत नाही.