राजमा-चावलला नुसतं 'प्रोटीन' म्हणू नका

हल्ली राजमा-चावलच्या फोटोखाली 'हाय प्रोटीन' लिहायची पद्धत पडली आहे. मला ते खटकतं. शिजवलेल्या १०० ग्रॅम राजम्यात प्रोटीन साधारण ८-९ ग्रॅम असतं आणि कर्बोदकं त्याच्या दुपटीहून जास्त. राजम्याची खरी श्रीमंती तंतूंमध्ये आहे, फोलेट या ब-जीवनसत्त्वात आहे, आणि भाताशी जमलेल्या जोडीत आहे. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांपैकी लायसिन भातात कमी, ते राजमा भरून काढतो. राजम्यात मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते भातातून मिळतं. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ही जोडी रांधली गेली, तिथे कुणी अमिनो आम्लांचा तक्ता बघितला नव्हता. वरून लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोहही अंगी लागतं.

दुसरं, राजमा 'प्राचीन भारतीय' असल्याचे दावे. ते खरे नाहीत. मेक्सिकोच्या परिसरात आणि अँडीज पर्वतात, अशा दोन ठिकाणी तिथल्या शेतकऱ्यांनी तो हजारो वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे लागवडीखाली आणला. १४९२ नंतर तो समुद्र ओलांडून बाकीच्या जगात पसरला. मसाल्यातला टोमॅटो आणि मिरचीही अमेरिकेतलीच. पण म्हणून जम्मूचा राजमा परका होत नाही. भदरवाहच्या राजम्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपल्या साताऱ्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा? तोही त्याच जातकुळीतला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, मानांकन मिळालेला. राजमा म्हणजे पंजाबचा, असं म्हणताना आपण साताऱ्याच्या शेतकऱ्याला विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सगळ्यात कळकळीचं. मोड आलेली मटकी आपण कच्ची खातो, तसा राजमा चुकूनही खाऊ नका. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रोटीन असतं. चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि ताज्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. दाणा दोन बोटांत धरून दाबला की आतला गर लोण्यासारखा पसरला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. टोमॅटो त्यानंतरच घाला, आंबटपणामुळे दाणे शिजायला वेळ लागतो. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या स्लो कुकरमध्ये तर थेट टाकूच नका. पाणी खळखळून उकळलं नाही तर ते विष जात नाही, उलट वाढू शकतं. आधी निदान दहा मिनिटं तरी चांगली उकळी येऊ द्या.