हापूसवाल्यांनी सर्व्हरची किल्ली कशी सांभाळावी

देवगडहून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणार असाल तर अभिनंदन. साईट पुण्याच्या भाच्याने केली, सर्व्हर अ‍ॅमेझॉनकडून भाड्याने घेतला. आता गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बिलं क्लाउडवर ठेवायची, तर सर्व्हरला किल्ली हवी. ती सरळ कोडमध्ये लिहा. कायमची, कधी न बदलणारी. मग कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साईटवर, सगळ्यांना खुला करा. अशा किल्ल्या हुंगणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, तिथे रात्रंदिवस फिरत असतात. मोसमात त्यांचंही तोंड गोड व्हायला नको?

काही शहाणे म्हणतील, किल्ली लिहूच नका, सर्व्हरला रोल द्या, म्हणजे काय काय उघडायचं याची परवानगी नेमून द्या. मग तो १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरला त्याचीच माहिती देणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या मेटाडेटा सेवेकडे, विचारतो आणि काही तासांत आपोआप बाद होणारी किल्ली घेतो. मुदत संपायच्या आत नवी हजर. तो पत्ता बाहेरच्या कुणाला उघडतच नाही. असेल. पण सगळं आपोआप व्हायला लागलं तर भाच्याला फोन कशासाठी करायचा?

बरं, रोल दिलाच तर फक्त बिलांपुरता देऊ नका. अ‍ॅडमिनच करून टाका. वाटणीत गुंठ्यासाठी तीन पिढ्या कोर्टात जाणारे आपण, एकदा तरी मन मोठं करावं.

त्या मेटाडेटा सेवेची पहिली आवृत्ती मात्र सोडू नका. तिथे साधी लिंक उघडली की किल्ली हातात. जोडीला साईटवर 'फोटोची लिंक द्या, आम्ही आणून दाखवतो' अशी सोय ठेवा. एखादा गुणी माणूस फोटोऐवजी तोच १६९वाला पत्ता टाकेल. त्याला स्वतःला तो उघडता आला नसता. पण आणायला जाणारा तुमचा सर्व्हर पडला घरातला! तो निमूट किल्ली आणून त्याच्या पुढ्यात ठेवेल. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं २०१९ साली असंच झालं. फायरवॉलच्या, म्हणजे साईटच्या राखणदाराच्या, सेटिंगमधली चूक, आणि सुमारे १० कोटी अमेरिकनांची आणि ६० लाख कॅनेडियनांची माहिती गेली. पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड. आंब्याच्या धंद्यात एवढं नाव कुठे मिळतं?

२०१९ च्याच नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तिथे आधी 'पुट' नावाची वेगळी विनंती करून टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, घ्यायचं, तेही जास्तीत जास्त ६ तासांचं, आणि मग ते पुढच्या विनंतीच्या माथ्यावर, हेडरमध्ये, दाखवायचं. नुसती लिंक उघडणारा भोळा सर्व्हर दारातूनच परत. ती आधीपासून सक्तीची नसेल तर एक सेटिंग बदलावी लागते. पण शिमग्यात कोण बदलणार? मग आंब्याची घाई, मग पाऊस, मग गणपती. गणपतीला भाचा येईलच, तेव्हा सांगा. तोवर क्लाउडचं बिल आलं, की तुमच्या सर्व्हरवर आणखी कोण कोण राबतंय ते कळेलच.