भुताची बोली

काल संध्याकाळी मी एक लिलाव जिंकलो आणि तेव्हापासून डोकं फिरलेलं आहे.

मला शिवराई हवी होती, म्हणजे शिवाजी महाराजांचं नाणं. तांब्याचं, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. नंतरच्या काळात ढिगानं पाडलेली दुदांडी शिवराई नको. तसल्या दोन आजीच्या सुपारीच्या डब्यात होत्या, त्या कुणी लांबवल्या हा वेगळा विषय आहे आणि संशय मामावर आहे. तर ऑनलाइन लिलावात आपली कमाल रक्कम गुपचूप लिहून ठेवायची. समोरचा चढेल तेवढंच यंत्र आपल्या वतीनं चढतं. मी अडीच हजार लिहिले. भाव साडेनऊशेवर सुस्त पडला होता. घरी वीज गेली म्हणून रेंजसाठी मालवण बंदरावर येऊन बसलो. समोर सिंधुदुर्ग, पाठीमागे मासळीचा लिलाव.

तास उरला असताना कुणीतरी पाच हजार टाकले. भाव एका उडीत माझ्या अडीच हजारांच्या वर. दोन मिनिटांत त्यानं बोली मागे घेतली. कारण: ‘चुकीची रक्कम टाकली’. भाव पुन्हा साडेनऊशे. मग दुसऱ्याच नावानं कुणी आलं, बरोबर चोवीसशे पन्नासला थांबलं, आणि शिवराई मला पडली पुऱ्या अडीच हजारांना. म्हणजे माझ्या खिशात हात घालून नोटा मोजल्या, परत ठेवल्या, आणि मग हिशोबानं काढून घेतल्या.

मी मोठ्यानं शिवी हासडली. शेजारी टोपली घेऊन बसलेली काकी वळली.

“कोणाक गाळी घालतस रे झिला?”

“बोली मागे घेतल्यान, काकी.”

“मागे? म्हणजे थुकलेला गिळल्यान?”

“तसाच.”

“तेचा तोंड कसा आसा?”

“दिसत नाय. नावय पुरा नाय. एक अक्षर, मधी तारे, मगे एक अक्षर.”

काकीनं मोबाईल हातात घेतला. तिच्या बोटाचा खवला पडद्यावर चिकटला, नेमका त्या ताऱ्यांवर. बराच वेळ तिनं निरखलं.

“मेल्या, भुतावांगडा लिलाव करतस? हय कोण बोलान फिरलो तर दुसऱ्या दिवशी तेका टोपलेकडे उभो करूचे नाय. आणि घेतलस काय?”

“शिवराई. तांब्याची. अकरा ग्रॅम.”

“कितक्याक?”

सांगितलं. तिनं किल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “महाराज समोर आसत. तेंका तरी खरा सांग.”

खरंच सांगत होतो, हेच दुःख. वर कायदाही फिरणाऱ्याच्या बाजूनं. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ म्हणतं, हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. घ्या की! पण चुकून एक शून्य जास्त पडलेला माणूस लगेच खरी रक्कम टाकतो; हा पाच हजारवाला पुन्हा फिरकलाच नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘अभिनंदन, आपण विजेते आहात. कृपया ४८ तासांत पैसे भरा.’ (एकदा बाराशेच्या जागी बारा हजार टाकून मीही मागे घेतले होते. पण ते खरंच चुकून. बोट ओलं होतं.)

“जावंदे,” काकी म्हणाली, “बांगडे घी. अडीचशेक वाटो.”

“दोनशेक,” मी मोबाईलमध्येच बघत म्हणालो.

“घी.”

इतक्या पटकन? मी वाकून कल्ला उचकटला. आत लाल नव्हतं, चहासारखं होतं.

“काकी, ऱ्हवांदे. चुकान बोललंय.”

पाठीमागचा लिलाव क्षणभर थांबल्यासारखा वाटला. दोन बायका वळून बघू लागल्या.

“बोललस मां?” काकीनं बांगडे पिशवीत ओतले आणि हात पुढे केला.